मूळ स्थितीतील १९६७ ची पोंटिअक जीटीओ कन्व्हर्टिबल : विकत घेण्यापूर्वी गाडी कशी पारखावी

साठच्या दशकातील अमेरिकी मसल कार, म्हणजे मध्यम आकाराची पण मोठ्या, दणकट इंजिनाची गाडी, विक्रीला निघते, तेव्हा जाहिरातीत ‘बहुतांश मूळ, उत्तम राखलेली’ अशी ओळ जवळजवळ हमखास असते. ती खरी असेल तर त्या गाडीचे मोल नव्याने सजवलेल्या गाडीपेक्षा वेगळे ठरते, कारण रंग, आसनांची आवरणे, काचा आणि नटबोल्टसुद्धा कारखान्यातून निघाले तसेच राहिलेली गाडी कितीही पैसे ओतले तरी पुन्हा तयार करता येत नाही. ती खोटी असेल, तर ग्राहक जुन्या गंजावर चढवलेला नवा रंग चढ्या भावाने घरी नेतो. हा फरक छायाचित्रांवरून कळत नाही. आधी कागद, मग क्रमांक, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा आवाज, या क्रमाने गाडी तपासली तर तो बहुतेक वेळा कळतो. नवखे खरेदीदार नेमके उलटे करतात : आधी इंजिन सुरू करून त्याच्या गडगडाटावर भाळतात आणि कागद सौदा ठरल्यावर मागतात.

येथे उदाहरणासाठी १९६७ सालची पोंटिअक जीटीओ कन्व्हर्टिबल, म्हणजे टप दुमडता येणारी गाडी, घेतली आहे. मसल कारच्या लाटेची सुरुवात याच मालिकेपासून मानली जाते, आणि पोंटिअकच्या गाड्यांचे मूळ कागद आजही मिळू शकत असल्यामुळे नवख्या माणसाला तपासणी शिकण्यासाठी यापेक्षा सोयीची गाडी क्वचितच सापडेल. डेट्रॉइटच्या परिसरात, ट्रॉय किंवा नोव्हायसारख्या उपनगरांत, वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी मंडळींना तर ही गाडी तिच्या जन्मगावीच पाहायला मिळते. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या ताफ्यात ती हमखास दिसते.

गाडीची ओळख

जनरल मोटर्सने त्या काळी मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवण्यास आपल्या विभागांना मनाई केली होती. जॉन डिलोरिअन तेव्हा पोंटिअकचे मुख्य अभियंता होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर ३८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन ‘ऐच्छिक जोड’ म्हणून देऊन ही अट चुकवली. १९६६ पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झाले. १९६७ मध्ये इंजिन ४०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.६ लिटरचे झाले. एकाहून अधिक कार्ब्युरेटर बसवण्यावर कंपनीने त्या वर्षी बंदी घातल्यामुळे आधीची प्रसिद्ध तीन कार्ब्युरेटरची जोडणी गेली आणि तिच्या जागी एकच चार-बॅरल रॉचेस्टर क्वाड्राजेट आला. नेहमीच्या इंजिनाची शक्ती ३३५ अश्वशक्ती होती. एचओ (हाय आउटपुट, म्हणजे जादा शक्तीचे) आणि रॅम एअर (बॉनेटमधून बाहेरची हवा घेणारे) ही दोन्ही इंजिने ३६० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. याशिवाय इंधन वाचवू पाहणाऱ्यांसाठी दोन-बॅरल कार्ब्युरेटरचे, २५५ अश्वशक्तीचे आणि केवळ ऑटोमॅटिक गिअरसह मिळणारे इंजिनही होते.

त्या वर्षी एकूण ८१,७२२ जीटीओ तयार झाल्या, त्यांपैकी ९,५१७ कन्व्हर्टिबल होत्या. कन्व्हर्टिबलची मूळ किंमत ३,१६५ डॉलर होती आणि ऐच्छिक जोडण्यांचा खर्च त्यावर वेगळा होता. आदल्या वर्षीच्या गाडीशी हिची गल्लत होते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे समोरची तारेच्या जाळीसारखी चकचकीत ग्रिल आणि मागे दोन्ही बाजूंना अरुंद खाचांत बसवलेले लाल दिवे. सुरक्षिततेच्या बाबतीत हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण अपघातात आत दबणारा स्टेअरिंग कॉलम आणि दोन स्वतंत्र मार्गांची ब्रेकप्रणाली याच वर्षी आली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही जादा पैसे देऊन मिळू लागले. ज्याला गाडी खरोखर चालवायची आहे त्याने १९६६ पेक्षा १९६७ ची निवडावी, असे माझे मत आहे.

पहिली पायरी : गाडी पाहण्याआधी कागद

विक्रेत्याशी बोलताना पहिली मागणी व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची करावी. १९६७ च्या जीटीओ कन्व्हर्टिबलचा क्रमांक २४२६७७ ने सुरू झालाच पाहिजे. पहिला २ पोंटिअकसाठी, पुढचे ४२ जीटीओसाठी, त्यानंतरचे ६७ कन्व्हर्टिबल बांधणीसाठी आणि त्यापुढचा ७ हा १९६७ या मॉडेल वर्षासाठी आहे. बांधणीचा ६७ आणि वर्षाचा ७ शेजारी आल्यामुळे नवखे लोक येथे गोंधळतात. हार्डटॉपच्या, म्हणजे पक्क्या टपाच्या गाडीच्या, क्रमांकात ६७ च्या जागी १७ असते. यानंतर कारखान्याचे अक्षर येते : पी म्हणजे मिशिगनमधले पोंटिअक शहर, बी म्हणजे बाल्टिमोर, के म्हणजे कॅन्सस सिटी, झेड म्हणजे कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट. शेवटचे सहा आकडे उत्पादनाचा अनुक्रम सांगतात.

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवावा. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ ही ल मान्सवरची ऐच्छिक जोड असल्यामुळे त्या गाड्यांच्या व्हीआयएनवरून ती खरी जीटीओ आहे की साध्या ल मान्सवर चिन्हे चिकटवून तयार केलेली नक्कल आहे, हे कळू शकत नाही. १९६६ पासून तो आकडाच साक्ष देतो. म्हणून नवख्याने पहिली खरेदी १९६६ किंवा १९६७ ची करावी आणि आधीच्या दोन वर्षांच्या गाड्यांकडे हात थोडा मुरल्यावर वळावे.

व्हीआयएन मिळाल्यावर पोंटिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे शुल्क भरून त्या गाडीचे कागद मागवावेत. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात या कागदांना थोडक्यात ‘पीएचएस’ म्हणतात. कारखान्याने विक्रेत्याला पाठवलेल्या मूळ बीजकाची ही नक्कल असते. इंजिन कोणते, गिअर कोणता, डिस्क ब्रेक होते का, रेडिओ कोणता, टप विजेवर चालणारा होता का, गाडी कोणत्या शहरातल्या कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे सारे त्यावर सांकेतिक क्रमांकांसह नोंदलेले असते. विक्रेत्याने स्वतः पीएचएस कागद दाखवले तरी आपण वेगळी प्रत मागवावी. खर्च किरकोळ आहे आणि दुसऱ्या गाडीचे कागद पुढे करण्याचे प्रकार या बाजाराला नवे नाहीत. पोंटिअक हा ब्रँड २०१० मध्ये कायमचा बंद झाला, तरीही त्याचे हे दप्तर टिकून राहिले. फोर्ड किंवा डॉजच्या गाडीला हा आधार वेगळ्या वाटेने शोधावा लागतो, आणि त्याच काळातल्या बहुतेक शेव्हरोलेंच्या बाबतीत कारखान्याची अशी नोंद हाती येतच नाही.

राज्य सरकारने दिलेल्या मालकीपत्रावरचा क्रमांक, गाडीवरचा क्रमांक आणि पीएचएस कागदावरचा क्रमांक हे तिन्ही अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. मालकीपत्र विक्रेत्याच्या नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का, अपघातात निकामी ठरल्याचा शिक्का आहे का, हेही पाहावे. ‘मालकीपत्र मामाच्या नावावर आहे, नंतर पाठवून देतो’ अशा बोलण्यावर एक डॉलरचाही इसार देऊ नये.

मैलांच्या आकड्याबद्दल सावध राहावे. या गाडीचा ओडोमीटर पाच आकडी आहे आणि ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे ४३,००० मैल दाखवणारी गाडी १,४३,००० मैल चाललेली असू शकते. इतक्या जुन्या गाड्यांना ओडोमीटरच्या कायदेशीर हमीतून सूट असल्यामुळे मालकीपत्रावरचा आकडाही पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा मिळतो तो सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांतून, तपासणीच्या दाखल्यांतून, दाराच्या कडेला चिकटवलेल्या ऑइल बदलल्याच्या चिठ्ठ्यांतून, आणि ब्रेक पेडलच्या झिजलेल्या किंवा न झिजलेल्या रबरातून.

दुसरी पायरी : गाडीवरचे क्रमांक

प्रत्यक्ष गाडी पाहायला जाताना एक चांगली विजेरी, दाढीच्या आरशाएवढा लांब दांड्याचा आरसा, लोहचुंबक, रंगाची जाडी मोजणारे उपकरण आणि अंगावर मळले तरी चालतील असे कपडे एवढे बरोबर असावे. गाडी थंड असताना पाहायची आहे, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

१९६७ च्या गाडीत व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर नसते. काचेतून दिसणारी पट्टी १९६८ पासून आली. आपल्या गाडीत ती चालकाचे दार उघडल्यावर बिजागरीच्या खांबावर दिसते. पट्टीच्या कडेला नवा रंग, वेल्डिंगच्या खुणा, ओरखडे किंवा आजूबाजूच्या पत्र्याशी न जुळणारी चकाकी दिसली, तर पुढे काहीही न तपासता परत फिरावे. ही पट्टी काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार गुन्हा आहे आणि अशी गाडी नंतर जप्त झाली तर पैसे बुडतात.

दुसरी पट्टी बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर असते. ती सांगाडा, म्हणजे चासीवर बसणारे पत्र्याचे अंग, बांधणाऱ्या फिशर बॉडी विभागाची. तिच्यावर बांधणीचा महिना आणि आठवडा, आतल्या आवरणांचा संकेत, रंगाचा संकेत आणि टपाच्या रंगाचा संकेत असतो. ०१सी असे छापलेले असेल तर सांगाडा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बांधला गेला. रंगाचा संकेत आणि समोरची गाडी जुळत नसेल, तर गाडीचा रंग कधीतरी बदललेला आहे आणि ‘मूळ रंग’ हा दावा तिथेच संपतो.

आता इंजिन. इंजिनाच्या ठोकळ्याच्या (ब्लॉकच्या) पुढच्या भागात, प्रवाशाच्या बाजूला, हेडच्या लगेच खाली दोन अक्षरी संकेत ठोकलेला असतो. डब्ल्यूटी म्हणजे ३३५ अश्वशक्तीचे, हाताने गिअर बदलायच्या गाडीचे इंजिन. वायएस म्हणजे त्याच शक्तीचे ऑटोमॅटिकसाठीचे. डब्ल्यूएस म्हणजे हाताच्या गिअरचे एचओ. त्याच जागी इंजिनाचा स्वतःचा अनुक्रमही असतो. गाडीचा व्हीआयएन इंजिनावर ठोकण्याची पद्धत १९६८ पासून सुरू झाली. त्यामुळे १९६७ च्या इंजिनावर व्हीआयएनचे आकडे सापडत नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. उलट कोणी ते दाखवले तर संशय घ्यावा. इंजिनाचा अनुक्रम पीएचएस कागदांवरील नोंदीशी ताडून पाहावा.

ठोकळ्याच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरजवळ, ओतकामाची तारीख असते. ती वाचण्यासाठीच आरसा आणि विजेरी आणायची. ए१२७ असे दिसले तर ए म्हणजे जानेवारी, १२ ही तारीख आणि ७ म्हणजे १९६७. डिसेंबरसाठी एल हे अक्षर येते. ही तारीख सांगाड्याच्या तारखेच्या आधीची, आणि साधारणपणे काही आठवडेच आधीची असायला हवी. सांगाडा जानेवारीचा आणि ठोकळा एप्रिलचा असेल, तर तो ठोकळा त्या गाडीत कारखान्यात बसलेला नाही, मग विक्रेता काहीही सांगो. त्याच ठिकाणी ठोकळ्याचा ओतक्रमांक ९७८६१३३ असतो, आणि बहुतेक चार-बॅरल इंजिनांच्या हेडवर मधल्या एक्झॉस्टच्या तोंडाशी ६७० हा आकडा उठावात दिसतो. तेल आणि काजळीखाली हे आकडे दडलेले असतात. जुन्या चिंधीने हळूच पुसावे, तारेचा ब्रश लावू नये.

काचा आणि इतर भागांवरही तारखा असतात. कारखान्यातल्या काचांवर लिबी-ओवेन्स-फोर्ड या निर्मात्याची खूण आणि त्याखाली दोन अक्षरांचा तारीख-संकेत असतो. आसनांच्या पट्ट्यांवर शिवलेली चिठ्ठी असते. सर्व काचा एकाच काळातल्या आणि गाडीच्या तारखेशी जुळणाऱ्या असतील, तर ती बाब शब्दांतल्या कोणत्याही हमीपेक्षा मोलाची आहे. एखादी पुढची काच बदललेली असणे स्वाभाविक आहे. ‘बहुतांश’ या शब्दाला एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

तिसरी पायरी : पत्रा आणि चासी

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. इंजिन बिघडलेले असेल तर ते दुरुस्त होते, गिअरबॉक्स मिळतो, पण कन्व्हर्टिबलची चासी आतून कुजली असेल तर दुरुस्तीचा खर्च बहुधा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो आणि मूळपणाही जातो.

बंद टपाच्या गाडीत छप्पर ताकदीचा काही भाग उचलते. कन्व्हर्टिबलला ते नसते म्हणून पोंटिअकने या गाडीला चारही बाजूंनी बंद पेटीसारखी चासी दिली. ती अधिक मजबूत आहे, पण आत शिरलेले पाणी आणि चिखल सहज बाहेर पडत नाही. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. तिथे चाललेली चासी बाहेरून काळी, गुळगुळीत दिसते आणि आतून पापुद्रे सुटलेली असू शकते. गाडी लिफ्टवर चढवून, मागच्या चाकांच्या पुढे जिथे चासी वर वळते तिथे, लहान हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते. नुकताच जाड काळा थर चढवलेला दिसला, तर तो कशासाठी चढवला हे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर किंमत कमी करून घेण्याऐवजी गाडीच सोडावी.

सांगाडा आणि चासी यांच्यामध्ये रबरी गाद्या असतात. त्या जागांचा पत्रा फुगलेला आहे का ते पाहावे. मग डिकीतली चटई उचलावी. डिकीचा तळ, तिच्या दोन्ही बाजूंचे खोल भाग, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या मडगार्डांचा खालचा भाग, पुढच्या आसनांखालचा तळ आणि पुढच्या काचेच्या पायथ्याचा पत्रा या गंजाच्या ठरलेल्या जागा आहेत. टप दुमडून जिथे बसतो त्या पोकळीत साचलेले पाणी थेट डिकीच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या आसनाखाली उतरते, म्हणून मागचे आसन काढून पाहण्याची परवानगी घ्यावी. आसनाच्या स्प्रिंगांत किंवा इंधन टाकीच्या वर कधी कधी कारखान्यातला जुळणीचा कागद अजून अडकलेला सापडतो. पिवळा पडून तुकडे झालेला असला तरी तो जपून ठेवावा.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून मडगार्डांच्या खालच्या कडांवरून फिरवावे. तो जिथे पकड सोडतो तिथे पुट्टी आहे. रंगाच्या जाडीचे उपकरण याहून अधिक सांगते. जनरल मोटर्स त्या काळी अॅक्रिलिक लॅकर वापरत असे आणि कारखान्यातला थर पातळ, साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. सगळीकडे असे आकडे आले आणि एखाद्याच पट्ट्यावर ३०० किंवा ४०० आले, तर तेवढाच भाग पुन्हा रंगवला आहे. सर्वत्र मोठे आकडे आले, तर संपूर्ण गाडी रंगवलेली आहे. मूळ लॅकरवर केसासारख्या बारीक रेघा पडतात, कडांना पॉलिश करून करून खालचा प्रायमर डोकावतो, बॉनेटचा रंग उन्हाने किंचित फिका होतो. नवख्याला हे दोष वाटतात. जाणकार याच खुणांना पैसे मोजतो. अशा गाडीला ‘जरा रंग मारून घेऊ’ असे म्हणणाऱ्या मित्राला तपासणीसाठी नेऊ नये.

चौथी पायरी : टप आणि दारे

टप वर असताना दोन्ही दारे उघडून बंद करावीत, मग टप खाली घेऊन पुन्हा तेच करावे. दार आणि मागच्या मडगार्डामधली फट वर रुंद व खाली अरुंद, किंवा उलट, झालेली असेल तर चासी वाकलेली किंवा सांगाडा मधोमध बसलेला असू शकतो. फट मोजण्यासाठी दोन-तीन नाणी एकावर एक ठेवून वरपासून खालपर्यंत सरकवली तरी फरक लगेच हाताला लागतो. दार उघडे असताना ते टोकाला धरून हलके उचलावे. नुसती बिजागरीच झिजली असेल तर दार खांबापाशी हलते, आणि हा दोष साधा आहे. दार न हलता खांबच हलला तर गोष्ट गंभीर आहे.

विजेवर चालणाऱ्या टपाची मोटर आणि हायड्रॉलिक पंप मागच्या आसनामागे असतात आणि दोन्ही बाजूंच्या दंडगोलांतून टप उचलला जातो. बटण दाबल्यावर टप एका बाजूने आधी उठत असेल, मध्येच थबकत असेल किंवा आवाज येऊनही हलत नसेल, तर नळ्या गळत आहेत किंवा दंडगोल थकले आहेत. आसनामागच्या चटईवर तेलाचा डाग आहे का ते पाहावे. हे भाग आजही नव्याने बनवून मिळतात, त्यामुळे यावरून घासाघीस करता येते, सौदा मोडायचे कारण नाही. मागची खिडकी लवचिक प्लास्टिकची असेल तर थंडीत टप खाली घ्यायला लावू नये, कडक झालेले प्लास्टिक दुमडताना चिरते. कापड मूळ असण्याची अपेक्षा फार ठेवू नये, इतकी वर्षे उन्हापावसात टिकलेला टप विरळा. टपाच्या लोखंडी कमानी, पुढची कुलुपे आणि दुमडलेल्या टपावर चढवायचे आच्छादन मूळ आहे का, हे विचारणे अधिक उपयोगी.

पाचवी पायरी : इंजिन आणि चालवून पाहणे

इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करून मगच सुरू करायला सांगावे. गाडी लांब उभी राहिली असेल तर क्वाड्राजेटमधले पेट्रोल तळाच्या बुचांतून झिरपून गेलेले असते आणि सुरू व्हायला वेळ लागतो. त्यावरून इंजिन वाईट ठरवू नये. सुरू होताना निळा धूर आणि लगेच नाहीसा होणे हे व्हॉल्व्हच्या सीलचे लक्षण. चालताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. पोंटिअक व्ही-८ च्या मागच्या मुख्य बेअरिंगला दोरीचे सील असते आणि ते थोडेफार गळतेच, त्यामुळे गिअरबॉक्सच्या तोंडाशी एखादा थेंब दिसला तर धास्ती नको, थारोळे दिसले तर मात्र विचार करावा.

या इंजिनात एक छुपा धोका आहे. टायमिंगच्या मूळ दातेरी चक्राला नायलॉनचे दात असत. कमी मैल चाललेल्या आणि खरोखर मूळ गाडीत ते दात वयामुळे ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. येथे मूळपणाचा हट्ट सोडावा. चक्र आणि चेन बदलून घ्यावी, जुने भाग पिशवीत चिठ्ठी लावून ठेवावेत.

ऑटोमॅटिक गाडीत १९६७ पासून तीन गतींचा टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला. तो दणकट आहे. चार गतींच्या मन्सी गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गतीत टाकताना खरखर होते का ते ऐकावे. गाडी चालवताना एखाद्या सांधे असलेल्या, खडबडीत रस्त्यावरून जाऊन पाहावे. कन्व्हर्टिबलचा सांगाडा थोडा थरथरतोच, पण स्टेअरिंग आणि काचेची चौकट एकमेकांविरुद्ध हलताना दिसत असेल तर चासीकडे पुन्हा वळावे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी एकदा जोरात थांबते, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा त्याहून कमी. हा बिघाड नाही, त्या ब्रेकांचा स्वभाव आहे, आणि आजच्या वाहतुकीत तो लक्षात ठेवूनच गाडी चालवावी. आसनांना सहसा केवळ कमरेचे पट्टे असतात, त्यामुळे लहान मुलांना घेऊन महामार्गावर जाण्याचा बेत या गाडीपुरता बाजूला ठेवावा.

सहावी पायरी : भाव ठरवणे

अमेरिकेतील जुन्या गाड्यांचे भाव स्थितीच्या चार श्रेणींवर सांगितले जातात. पहिली श्रेणी प्रदर्शनातल्या निर्दोष गाडीची, चौथी रोज चालणाऱ्या पण डागी गाडीची. हॅगर्टी या विमा कंपनीची भावसूची या श्रेणींवरच बेतलेली आहे. मूळ स्थितीतली गाडी मात्र या चौकटीत नीट बसत नाही, कारण तिचा रंग तिसऱ्या श्रेणीचा आणि मोल दुसऱ्या श्रेणीच्या वरचे असू शकते. म्हणून सूचीतला आकडा केवळ सुरुवातीसाठी घ्यावा आणि त्याच इंजिनाच्या, त्याच गिअरच्या, त्याच वर्षाच्या कन्व्हर्टिबल अलीकडे प्रत्यक्ष किती किमतीला विकल्या गेल्या हे लिलावांच्या निकालांतून पाहावे. मेकम आणि बॅरेट-जॅक्सन यांसारख्या लिलावांत बोलीच्या किमतीवर खरेदीदाराचे अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाचे जादा शुल्क, चढते, हे हिशेबात धरावे.

रॅम एअर इंजिनाच्या गाड्या त्या वर्षी हजाराच्याही आत निघाल्या, त्यामुळे नकली रॅम एअरचा मोह विक्रेत्यांना अधिक होतो. बॉनेटवरची उघडी झडप कोणालाही बसवता येते; एक्सएस किंवा एक्सपी हा इंजिनसंकेत आणि पीएचएस नोंद नसेल तर त्या दाव्याचा एक डॉलरही देऊ नये.

स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर तपासनीस नेमावा. पोंटिअकच्या गाड्या पाहणारा माणूस निवडावा. जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखांतून असा माणूस सहज भेटतो. सौदा ठरल्यावर रक्कम बँकेतून द्यावी, आणि मालकीपत्र हातात आल्याखेरीज उरलेली रक्कम सोडू नये.

भारतात गाडी नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच : केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यासाठी चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो आणि गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरात आणता येत नाही. सीमाशुल्क आणि आयातीच्या अटी आधी सल्लागाराकडून लेखी घ्याव्यात, मगच जहाजाची चौकशी करावी.

सातवी पायरी : घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी विमा. साध्या विम्यात जुन्या गाडीची किंमत घसाऱ्याने कमी धरली जाते, म्हणून आधी ठरलेल्या मूल्याचा विमा घ्यावा आणि त्यासाठी तपासणीचा अहवाल व छायाचित्रे जोडावीत.

त्यानंतर जे सुरक्षिततेसाठी बदलायचे ते बदलावे : टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेकचे तेल, इंधनाच्या नळ्या, रेडिएटरचे होज, इंजिनाचे पट्टे. टायरच्या बाजूवरचा चार आकडी संकेत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो. नक्षी कोरी करकरीत असली तरी दहा वर्षांचे टायर महामार्गावर नेऊ नयेत. आजच्या पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळलेले असते आणि जुने रबर त्याने सुजते, म्हणून इंधनाच्या नळ्यांत हयगय करू नये. मूळ चार-बॅरल इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.७५ ला १ असल्यामुळे पंपावरचे सर्वांत वरच्या दर्जाचे पेट्रोल भरावे, आणि चढावर खडखड आवाज आला तर टायमिंग थोडे मागे घ्यावे. इंजिन ऑइल जस्त असलेले, जुन्या इंजिनांसाठीचे निवडावे. नेहमीच्या नव्या ऑइलने कॅमशाफ्टचे सपाट टॅपेट झिजतात.

काढलेला प्रत्येक भाग, मग तो नटबोल्ट असला तरी, तारीख आणि जागा लिहून खोक्यात ठेवावा. मूळ रंगावर खरखरीत पॉलिश वापरू नये, मऊ कापडाने साधे मेण पुरेसे आहे. आसनाचा एखादा टाका उसवला असेल तर तेवढाच शिवून घ्यावा. मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल गाडी कोरड्या जागेत, टाकी भरून, पेट्रोलमध्ये टिकाऊपणाचे द्रव्य घालून आणि बॅटरी सुटी करून ठेवावी. टप मात्र वर, ताणलेलाच ठेवावा, महिनोन्महिने दुमडलेल्या कापडाला पडलेली घडी पुन्हा जात नाही. वसंतात रस्त्यांवरचे मीठ एक-दोन चांगल्या पावसांनी धुऊन गेल्यावर गाडी बाहेर काढावी, आणि सुरू करण्याआधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हे पाहावे.